मोडीत निघालेल्या यंत्रमागांतून शिल्प कसं उभं करावं?

प्रश्न असा आहे: "इचलकरंजीतल्या आमच्या शेडमधले वडिलांच्या काळातले साधे माग मोडीत काढतोय. सगळंच भंगारवाल्याला न देता काही भाग ठेवून आवारात एक शिल्प उभं करायचं मनात आहे. वेल्डिंगवाला म्हणतो, बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, वेल्डिंग धरत नाही. दोन-चार पावसाळ्यांत ते गंजून जाईल का? आणि मुख्य म्हणजे, ते भंगाराचा ढीग वाटू नये म्हणून काय करायचं?"

तुमच्या वेल्डिंगवाल्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी. भंगारातलं शिल्प उभं राहतं की कोसळतं, गंज कुठून धरतो आणि पाहणाऱ्याला ते ढीग वाटतं की शिल्प, या तिन्ही गोष्टी दोन तुकडे एकमेकांना भेटतात त्या जागी ठरतात. दगड किंवा माती घेऊन बसलेल्याला आकार स्वतः काढावा लागतो. आपल्याकडे आकार आधीच कुणीतरी ओतून, घडवून, वर्षानुवर्षं वापरून ठेवलेले असतात. आपल्या हातात येतो तो सांधा. पिकासोनं १९४२ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. त्यात सांधा एकच. सीट सीटच दिसत राहते, हँडल हँडलच राहतं, आणि तरी समोर बैल असतो. मला आजही या कामातला सगळ्यात अवघड नमुना तोच वाटतो, कारण त्यात लपायला जागाच नाही.

आता तुमच्या मालाकडे येऊ. साध्या मागात कमीत कमी चार प्रकारचं साहित्य असतं. बाजूच्या फ्रेम, मोठी दातेरी चाकं, टॅपेट (ताण्याचे धागे वर-खाली करणारे कॅम), ब्रेक व्हील हे सगळं बहुधा बिडाचं. क्रँक शाफ्ट आणि बॉटम शाफ्ट हे फिरणारे दांडे पोलादाचे. पट्ट्या, ब्रॅकेट, नंतर कुणीतरी दुरुस्तीत लावलेले अँगल हे साधं माइल्ड स्टील. आणि आडवा धागा नेणारे धोटे, त्यांना फटका देणारी पिकिंग स्टिक हे लाकूड. यातलं काय कशाचं आहे हे रंगाखाली कळत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा ग्राइंडरला क्षणभर लावून ठिणग्या बघा. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर असतात आणि चाकाजवळच विझतात. माइल्ड स्टीलच्या लांब, पिवळसर रेषा निघतात. शाफ्ट किंवा स्प्रिंगच्या कार्बन जास्त असलेल्या पोलादाला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. शंका राहिली तर ड्रिल मारा. पोलादाचा पिळदार कीस निघतो, बिडाचा काळा भुगा पडतो. तपासलेल्या प्रत्येक तुकड्यावर खडूनं खूण करून मगच तो बाजूला ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढची सगळी जोडणी यावर अवलंबून आहे.

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि नेहमीच्या करड्या बिडात तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या आतल्या तयार फटीच. म्हणून बीड दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चं. नेहमीच्या ६०१३ नंबरच्या वेल्डिंग रॉडनं त्यावर वेल्ड मारलं की तेवढीच जागा तापते, मग आकसते, आजूबाजूचं थंड बीड ताणलं जातं आणि वेल्डच्या कडेनं तडा जातो. पुष्कळदा तो तडा काम चालू असताना टिक्‌ असा ऐकूही येतो. कधी कधी दोन दिवस काहीच होत नाही, आणि मग कुणी नुसता हात टेकला तरी तुकडा निखळतो. उंचावर लावलेला तुकडा असा निखळला तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून माझा सरळ सल्ला आहे: बीड वेल्ड करू नका, बोल्टनं बांधा. तुमचा माग मुळात नटबोल्टनंच उभा होता. फ्रेमला भोकं आहेत, बसायला सपाट पॅड आहेत, शाफ्टच्या बेअरिंगच्या जागा आहेत. ज्यानं ही फ्रेम ओतली त्यानं कुठून धरायचं हे ठरवूनच ओतली आहे. त्या भोकांचा वापर करा. माइल्ड स्टीलच्या चॅनेल किंवा अँगलचा सांगाडा वेल्डिंगनं पक्का करा आणि बिडाचे भाग त्यावर बोल्टनं चढवा. सांगाडा वजन पेलेल, बीड रूप देईल. नवं भोक पाडायचं तर कडेपासून निदान भोकाच्या दीडपट-दुप्पट अंतर सोडा आणि रुंद वॉशर घाला. बिडाचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर नट आवळताना एकाच बिंदूवर ताण येतो आणि कान, म्हणजे बोल्टसाठी बाहेर काढलेला भाग, तुटतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, कारण ती शिल्पाच्या आकारातच उतरायला हवी. बिडाचे भाग वजनाखाली ठेवा, वजनाला लटकवू नका. फ्रेम उभ्या रचा, चाकं बसवा, एकमेकांवर भार येऊ द्या. बिडाचा लांब तुकडा हवेत आडवा काढू नका. हे पाळलं की तुमच्या शिल्पाची एक देहबोली आपोआप तयार होते: खाली जड, जमिनीला धरलेलं, वर हलकं. वर जे हवेत झेपावणारं हवं ते शाफ्ट, सळई, पट्टी यांतून करा.

तरीही एखादा तुटलेला बिडाचा कान जोडायचाच असेल तर निकेलचा रॉड लागतो, सुमारे ५५ टक्के निकेलचा किंवा जवळजवळ शुद्ध निकेलचा. तो महाग आहे, पण जिथे लागतो तिथे दुसरा चालत नाही. आधी तुकडा गरम करून त्यात मुरलेलं तेल बाहेर काढा. जुन्या मागाच्या बिडात तेल इतकं खोल गेलेलं असतं की वेल्ड बुडबुड्यांनी पोकळ होतं. तडा असेल तर त्याच्या टोकाला ३ मि.मी. भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग एका वेळी इंचभरच वेल्ड मारा, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीनं हलके ठोके द्या, हात लावता येईल इतकं निवू द्या आणि मगच पुढचा इंच. पाणी अजिबात ओतायचं नाही. गॅसवर पितळी रॉडनं ब्रेझिंग (बीड न वितळवता, पितळ वितळवून केलेला जोड) करणारा जुना कारागीर भेटला तर छोट्या तुकड्यांना तेही उत्तम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे हात अजून आहेत.

शाफ्टचं पोलाद वेगळं आहे. त्याला वेल्डिंग धरतं, पण वेल्डशेजारचा भाग झटकन निवला तर ठिसूळ होतो. आधी शाफ्ट चांगला तापवा, ७०१८ रॉड कोरडा भाजून घ्या आणि सावकाश निवू द्या.

वेल्डिंगशिवाय मोठं काम होतं का, अशी शंका पुष्कळांना असते. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सायमन रोडिया या इटलीतून आलेल्या मजुरानं १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षं एकट्यानं मनोरे उभारले. त्यातला सर्वांत उंच जवळजवळ ३० मीटरचा आहे. सळया आणि पाइप एकमेकांवर ठेवून जाळी-तारेनं गुंडाळायचे, वर सिमेंटचा लेप, त्यात फुटक्या फरशा, बाटल्या, शिंपले. वेल्ड नाही, बोल्ट नाही. १९५९ मध्ये शहराच्या अधिकाऱ्यांनी ते धोकादायक ठरवून पाडायला काढले, तेव्हा १०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार टनांचा आडवा ताण देऊन परीक्षा घेतली गेली. मनोरा हलला नाही, ताण देणारं यंत्रच हरलं. रोडियानं आयुष्यभर एकच सांधा वापरला आणि तो पूर्ण ओळखला. तुम्हीही बोल्ट निवडलात तर बोल्टच ठेवा. अर्धं बोल्ट, थोडं वेल्ड, कुठे तार, कुठे एम-सील अशी खिचडी झाली की डोळ्याला लगेच कळतं, ती जागा दुरुस्तीसारखी दिसते.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, पण ते वगळू नका. मागाच्या कोपऱ्याकोपऱ्यात सुताचं तूस तेलात भिजून घट्ट बसलेलं असतं. ग्राइंडरची एक ठिणगी त्याला पुरते. कापाकापी शेडमध्ये करू नका, आधी भाग खरवडून स्वच्छ करा आणि वाळूची बादली जवळ ठेवा. जुना रंग कोरडा घासू नका, जाळूही नका. त्यात शिसं असण्याची शक्यता धरूनच ओला करून खरवडा. जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पाइप किंवा पत्रा वेल्ड करताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डच्या दोन्ही बाजूंनी जस्त घासून काढा, काम उघड्यावर करा आणि धुरासाठीचा मास्क वापरा. वर्कशॉपमध्ये दूध किंवा गूळ घेतात, त्यानं हा धूर अडत नाही. चारही बाजूंनी बंद असलेली कुठलीही पोकळ वस्तू तापवायची नाही. शॉक अॅबसॉर्बर, टाकी, बंद पाइप, काहीही असो, आधी भोक पाडायचं.

आता गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. एकावर एक ठेवलेल्या दोन पट्ट्यांच्या फटीत पाणी शिरलं की तिथला गंज फुगून त्यांना आतून ढकलतो, बोल्टसुद्धा ताणले जातात. उघड्या पृष्ठभागावरचा गंज दिसतो आणि घासता येतो. सांध्यातला गंज दिसत नाही. म्हणून सांगाड्याचं वेल्डिंग तुकड्यातुकड्यांत टाके मारून सोडू नका, सगळीकडून भरून घ्या. बोल्टच्या जागी दोन्ही बाजूंना जोडण्याआधी प्रायमर द्या आणि फट सीलंटनं बुजवा. पाणी साचेल अशा प्रत्येक खोलगट जागेला तळाशी ८ ते १० मि.मी.चं भोक ठेवा. चाकं आडवी बसवलीत तर त्यांची वाटी होते, हे हमखास विसरलं जातं. पितळी बुश किंवा तांब्याची तार लोखंडाला थेट टेकली आणि पावसाचं पाणी आलं की लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं, तिथे नायलॉनचं वॉशर घाला.

बिडाची एक जमेची बाजू आहे. ओतताना तयार झालेली त्याची वरची त्वचा गंजाला बऱ्यापैकी तोंड देते. ती ग्राइंडरनं काढून चकचकीत करण्याचा मोह टाळा. ब्रशनं घाण काढा, तिथेच थांबा. गंजाचा तपकिरी रंग आवडतो म्हणून तसंच सोडून द्यायचं, असं हल्ली पुष्कळ जण म्हणतात. ज्या शिल्पांत ते चालतं ती कॉर्टेन नावाच्या वेगळ्या मिश्रधातूची असतात, त्यात तांबं, क्रोमियम घातलेलं असतं आणि गंजाचा थर घट्ट बसून आतलं पोलाद राखतो. साध्या लोखंडाचा गंज पापुद्र्यानं सुटतो आणि खाली नवा धरतो. गंजावर पारदर्शक लॅकर मारणं हाही पुरा उपाय नाही, उन्हापावसात ते सोलपटतं. तुमच्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, पण पाऊस चांगलाच आहे. मी तुमच्या जागी सांगाड्याला झिंक फॉस्फेटचा एपॉक्सी प्रायमर आणि वर काळसर करड्या पी.यू. (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात देईन. बिडाच्या भागांना सैल गंज काढून जवसाच्या तेलाचा पातळ हात देईन आणि दरवर्षी पावसाळ्याआधी तो पुन्हा देईन. या तेलानं भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मग टाका. धोटे आणि पिकिंग स्टिक बाहेर लावू नका. लाकूड दोन पावसाळ्यांत फाटतं आणि वाळवीला आमंत्रण मिळतं. ते ऑफिसमध्ये किंवा ओसरीवर, छपराखाली, वेगळी मांडणी म्हणून ठेवा.

वजनाचा हिशोब कागदावर करा. भंगारवाला सगळं तोलणारच आहे, तेव्हा त्याच्याच काट्यावर तुमचे निवडलेले भाग तोलून लिहून घ्या. सांगाड्यातल्या सळईसाठी साइटवरचं सूत्र चालतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे २० मि.मी.ची सळई मीटरला सुमारे २.४७ किलो. पत्रा दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो. शिल्प माणसाच्या उंचीच्या वर जाणार असेल तर पाया आणि वाऱ्याचा भार स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्या. चौथरा जमिनीपेक्षा वीतभर उंच आणि वरून उताराचा ठेवा. लहान मुलं चढणारच, म्हणून हाताच्या उंचीवर धार किंवा बोट अडकेल अशी फट राहू देऊ नका.

ढिगाचा प्रश्न शेवटी घेतला, कारण वरचं सगळं त्याचंच अर्धं उत्तर आहे. ढीग वाटतो तो तुकडे जास्त झाले म्हणून, आणि प्रत्येक तुकडा वेगळं काहीतरी बोलत असतो म्हणून. तुम्ही जेवढे भाग ठेवाल त्यातला बराचसा शिल्पात जाणार नाही, हे आधीच मनाशी ठरवा. एकाच जातीचे भाग एकत्र आणा. चंदीगडला नेकचंद यांच्या रॉक गार्डनमध्ये विजेच्या जुन्या चिनी मातीच्या सॉकेटांची अख्खी भिंत आहे. एक सॉकेट कचरा असतं, शेकडो एका ओळीत आले की त्याची वीण होते. नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नवं शहर वसवताना जी गावं पाडली गेली त्यांचा राडारोडा त्यांनी वर्षानुवर्षं सायकलवरून वाहून आणला, वर्गवारी करून ठेवला, आणि १९७६ साली बाग लोकांना खुली होईपर्यंत हे काम बहुतांश काळ गुपचूप चाललं होतं. त्यांच्या आकृतींइतकीच मला ती वर्गवारी थोर वाटते.

आणि मोर, घोडा, हत्ती करू नका. म्हणजे ते करणं चूक आहे असं नाही, पण तुमच्या मालाला त्याची गरज नाही. दिल्लीत २०१९ मध्ये सुरू झालेल्या वेस्ट टू वंडर पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती सुमारे १५० टन भंगारातून केल्या आहेत. कारागिरी आणि मेहनत दोन्ही मोठी आहे. तरी ते पाहताना वाटतं, ताजमहालासाठी लोखंड कुठूनही आलं असतं तरी चाललं असतं. याउलट मोझांबिकचं उदाहरण घ्या. तिथलं यादवी युद्ध १९९२ मध्ये संपल्यावर लोकांकडे लपवलेल्या बंदुका होत्या. १९९५ पासून चर्चच्या पुढाकारानं त्या जमा करून बदल्यात शिवणयंत्रं, सायकली, शेतीची अवजारं दिली गेली, आणि निकामी केलेल्या बंदुका शिल्पकारांकडे आल्या. केस्टर या शिल्पकारानं २००१ मध्ये त्यातून एक खुर्ची केली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथे बंदुकीच्या जागी दुसरं लोखंड चाललंच नसतं. कसोटी हीच लावा: तुमच्या शिल्पातला भाग काढून त्या जागी ट्रॅक्टरचा भाग लावला तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर रचना अजून झालेली नाही.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून तुमच्या गावात या यंत्राचा आवाज, त्याची लय लोकांच्या अंगात भिनलेली आहे. क्रँक शाफ्टचे दोन फेरे झाले की बॉटम शाफ्टचा एक होतो. साध्या विणीचे दोन टॅपेट एकमेकांच्या उलट बसवलेले असतात, एक वर असताना दुसरा खाली. हे नातं शिल्पात मोडू नका. चाकं सुटी सुटी फुलांसारखी चिकटवलेली दिसली तर बाहेरगावच्या माणसाला ती सुंदर वाटतील, पण आयुष्यभर माग चालवलेला माणूस समोर उभा राहिला तर त्याला ते यंत्र मेलेलं दिसेल. दाते दात्यांत बरोबर बसलेले ठेवा, टॅपेट उलट कोनात ठेवा, मग बाकीची मोकळीक हवी तितकी घ्या. फ्रेमची उंची बदला, चार फ्रेम एकमेकींच्या मागे सरकवत न्या, शाफ्ट आभाळात काढा. आणि माग चालू-बंद करायचं हँडल, जे हातानं घासून घासून गुळगुळीत झालेलं असतं, त्याला सँडब्लास्टिंग किंवा रंग लावू नका. ते हाताच्या उंचीवर येईल अशी जागा शोधा.

रचना जमिनीवर करून बघा. शेडची फरशी मोकळी करा, खडूनं चौथऱ्याचं माप काढा, भाग आडवे मांडा, शिडीवर चढून फोटो घ्या. मग दहा मीटर लांब जाऊन डोळे बारीक करून बघा. बाह्यरेषा एकसंध वाचता आली पाहिजे. आली नाही तर एक भाग काढा, दुसरा घालू नका. उभं करताना चेन ब्लॉकवर थोडं उचलून तोल कुठे जातो ते बघा, मगच बोल्ट पक्के आवळा.

सगळ्यात घाईचं काम मात्र आजचं आहे. बिडाचा भंगार बहुतेक थेट फाउंड्रीत जातो, आणि एकदा गाडी भरली की परत काही मिळत नाही. भंगारवाल्याची माणसं घणानं फ्रेम फोडतात, कारण त्यांना फक्त वजन हवं असतं. त्याआधी तुमच्या जुन्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, बोलवा. कुठला बोल्ट डाव्या, म्हणजे उलट फिरणाऱ्या आट्याचा आहे, चाक शाफ्टवर धरून ठेवणारी कुठली चावी कशी निघते, कुठल्या फ्रेमला आधीच तडा गेलाय, हे त्याला माहीत असतं. अडलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, गॅसनं कापू नका, आटे वाचवा. निदान दोन माग पूर्ण सुटे करून, प्रत्येक भागावर नंबर टाकून ठेवा आणि सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. भागांची वजनं, फ्रेमवरच्या भोकांची मापं आणि आवारातली जागा कळवलीत तर सांगाड्याला कुठला चॅनेल घ्यायचा आणि बेस प्लेट किती जाडीची, ते मी सांगेन.